एकच कॅल्शियम चॅनल: एका पेपरात घटलं, दुसऱ्यात वाढलं

रक्तातली साखर वाढली की किडनीच्या पेशींतल्या कॅल्शियम चॅनलचं काय होतं? पीएचडीच्या मुलाखतीत हा प्रश्न आला तर बरेच जण एका दमात सांगतील: टीआरपीसी-६ वाढतं, कॅल्शियम आत घुसतं, पोडोसाइटची वाट लागते. रिव्ह्यू लेखांतल्या बाणांच्या आकृत्याही साधारण हेच सांगतात. पण त्या बाणांमागचे मूळ पेपर शेजारी-शेजारी ठेवून वाचले, तर गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. पेशीच्या बाहेर कॅल्शियम असतं १ ते २ मिलीमोलर, आणि आत, पेशी शांत असताना, जेमतेम १०० नॅनोमोलर. म्हणजे दहा हजार पटींचा किंवा त्याहून जास्त फरक. त्यामुळे दार नुसतं किलकिलं झालं तरी पेशीला ते जाणवतं. टीआरपीसी-६ हे असंच एक दार. अँजिओटेन्सिन-२ आपल्या रिसेप्टरला चिकटलं की फॉस्फोलायपेज-सी कामाला लागतं, डायअसाइलग्लिसरॉल तयार होतं आणि त्यामुळे हे चॅनल उघडतं. २००५ साली दोन गटांनी दाखवलं की या जनुकातल्या म्युटेशनमुळे काही कुटुंबांत एफएसजीएस हा किडनीचा आजार होतो. त्यातल्या पी११२क्यू या म्युटेशनमुळे तर चॅनलमधून नेहमीपेक्षा जास्त कॅल्शियम आत येत होतं. 'जास्त टीआरपीसी-६ म्हणजे वाईट' हा समज इथून पक्का झाला. मग मधुमेहातल्या किडनीलाही तेच लावून बघावंसं वाटणं साहजिकच होतं.

आता ते दोन पेपर. पहिला ग्रॅहम आणि सहकाऱ्यांचा, २००७ सालचा. त्यांनी मानवी मेसांजियल पेशी जास्त ग्लुकोजमध्ये वाढवल्या. टीआरपीसी-६ प्रोटीन घटलं, आणि सगळ्यात जास्त घटलं ते ३० मिलीमोलरला, सातव्या दिवशी. टीआरपीसी-१ आणि टीआरपीसी-३ जसेच्या तसे राहिले. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांच्या (रॅट, माऊस नाही) ग्लोमेरुलसमध्येही टीआरपीसी-६ कमीच दिसलं. दुसरा पेपर सोन्नेवेल्ड आणि सहकाऱ्यांचा, २०१४ सालचा. उंदीर तसेच, औषध तेच, पण बघितल्या पोडोसाइट. तिथे टीआरपीसी-६ वाढलेलं आढळलं. कारण असं मांडलं की जास्त ग्लुकोजमुळे पोडोसाइटमधली स्वतःची अँजिओटेन्सिन यंत्रणा जागी होते आणि ती या चॅनलचं प्रमाण वाढवते.

मग यातलं कोण चुकलं? माझ्या मते कोणीच नाही. दोन्ही पेशी एकाच ग्लोमेरुलसमधल्या असल्या तरी त्यांची कामं निराळी आहेत. मेसांजियल पेशी आकुंचन पावते आणि केशवाहिन्यांना आधार देते. पोडोसाइट गाळणीच्या बाहेरून आपले पाय पसरून बसलेली असते. अडचण आहे ती 'ग्लोमेरुलस' या नमुन्यात. किडनी चाळणीतून घासून जे ग्लोमेरुलस वेगळे करतात, त्यात मेसांजियल, पोडोसाइट, एंडोथेलियल सगळ्या एकत्र येतात. त्याचा वेस्टर्न ब्लॉट म्हणजे मिसळीची चव घेऊन मटकीत मीठ किती होतं ते सांगण्यासारखं आहे. एका पेशीत घट आणि दुसरीत वाढ झाली असेल, तर पट्टी दाखवणार फक्त बेरीज.

२००७ च्या पेपरचं एका बाबतीत कौतुक करायला हवं. ते लोक पट्टीवर थांबले नाहीत. पॅच-क्लॅम्पने करंट मोजला, फ्युरा-२ ने कॅल्शियम मोजलं, चॅनल कमी करून पाहिलं आणि वाढवूनही पाहिलं. प्रोटीन जास्त असणं आणि चॅनल उघडं असणं यात फरक आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही एक पायरी जपून वाचा. चॅनल कमी केलेल्या पेशी आणि जास्त ग्लुकोजमधल्या पेशी, दोन्हींचा अँजिओटेन्सिनला प्रतिसाद सारखाच मंद होता. पण परिणाम सारखा दिसला म्हणून कारणही तेच, हे सिद्ध होत नाही. लेखकांनी शीर्षकातच 'संभाव्य' हा शब्द ठेवलाय. पुढे आकृतीत बाण काढताना तो शब्द गळून पडतो.

आता माझा आवडता मुद्दा, ग्लुकोजचा आकडा. मिलीमोलरला १८ ने गुणा, मिलिग्रॅम प्रति डेसीलीटर मिळेल. ३० मिलीमोलर म्हणजे ५४०! इतकी साखर सलग सात दिवस, एकदाही खाली न येता? रुग्णाची साखर जेवणानुसार, औषधानुसार वर-खाली होत असते. आणि कंट्रोल? पोडोसाइट बऱ्याचदा आरपीएमआय-१६४० मध्ये वाढवतात. त्यात ग्लुकोज असतं ११ मिलीमोलर, म्हणजे सुमारे २००. डॉक्टर ज्या रँडम साखरेला मधुमेह म्हणतात, तिला आपण 'नॉर्मल' म्हणून मोकळे होतो. हसू नका, माझ्या पहिल्या काही प्लेट्स अशाच गेल्या. बाटलीवरचं लेबल वाचायचं सुचलंच नव्हतं. मॅनिटॉलचंही तसंच. कंट्रोल ५.५ चा आणि टेस्ट २५ ची असेल, तर ५.५ ग्लुकोजमध्ये १९.५ मॅनिटॉल घातलेला तिसरा गट हवाच. तो नसेल तर परिणाम साखरेचा की नुसत्या ऑस्मोसिसच्या ताणाचा, हे कळणार कसं?

पण खरी परीक्षा होते ती चॅनलच काढून टाकल्यावर. २०१८ मध्ये स्पायर्स आणि सहकाऱ्यांनी डाल जातीच्या मधुमेही रॅटमध्ये टीआरपीसी-६ नॉकआउट केलं, आणि किडनीला काही अंशी संरक्षण मिळालं. २०१९ मध्ये वांग आणि सहकाऱ्यांनी अकिता जातीच्या मधुमेही माऊसमध्ये तेच केलं. लघवीतलं अल्ब्युमिन सुरुवातीला कमी झालं खरं, पण ते टिकलं नाही. उलट ग्लोमेरुलसची इजा वाढली आणि इन्सुलिन रेझिस्टन्सही वाढला. ज्याला खलनायक ठरवलं, त्याला काढल्यावर घर आणखी बिघडलं!

दोन्ही अभ्यासांत चॅनल सगळ्या शरीरातून काढलेलं होतं. त्यामुळे पोडोसाइटला झालेला फायदा आणि बाकी पेशींचं झालेलं नुकसान वेगळं काढता येत नाही. मेसांजियल पेशीत मधुमेहाने चॅनल आधीच घटलेलं असेल, तर तिथे ते आणखी बंद करून काय साधणार? तोंडाने घ्यायचा टीआरपीसी-६ ब्लॉकर काही पेशी बघून पोहोचत नाही. म्हणून मधुमेही किडनीसाठी तो सुचवणारा पेपर हातात आला, की मी आधी मेथड्समध्ये एवढंच शोधतो: चॅनल कुठल्या पेशीत मोजलं, आणि कुठल्या पेशीतून काढलं.