राक्षस उरला, बैठक गळाली

जुन्या राक्षसपटांतून नव्या कथांची बीजं शोधणारे लेखक बहुधा प्राण्यापासून सुरुवात करतात: तो केवढा, कुठून आला, कशाने मरेल. समाज कोसळल्यानंतरच्या जगाबद्दल लिहिणारे ओसाड रस्त्यांपासून सुरुवात करतात. हे दोन्ही प्रवाह आज एकमेकांत मिसळले आहेत आणि दोघांचं दुखणंही एकच आहे. संकट ओळखणं, ते मान्य करणं, त्यावरून भांडणं आणि अपुऱ्या माहितीवर काहीतरी ठरवणं या मधल्या भागात मूळ कलाकृतींचं बळ होतं. नेमका तोच भाग उचलायचा राहून गेला.

इशिरो होंडा यांचा १९५४चा ‘गोजिरा’ याच नजरेने पुन्हा पाहावा. त्या वर्षी १ मार्चला बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले आणि ३ नोव्हेंबरला चित्रपट लागला. पहिल्याच दृश्यांत समुद्रात बोट पेटते, तेव्हा जपानी प्रेक्षकाला काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. होंडांनी जीव ओतला तो पुढच्या प्रसंगांत. बेटावरचे कोळी सरकारदरबारी गाऱ्हाणं घेऊन येतात. संसदीय समितीत एक सदस्य म्हणतो की, प्राण्याचा बॉम्बचाचण्यांशी असलेला संबंध गुप्त ठेवावा, नाहीतर परराष्ट्र संबंध बिघडतील. त्यावर विरोधी बाजूच्या स्त्रिया उसळून उठतात. आगगाडीत एक तरुणी नागासाकीतून वाचल्याचं बोलून जाते. इस्पितळात एका लहान मुलासमोर गायगर काउंटर धरतात आणि शास्त्रज्ञ नुसती मान हलवतो. १९५६ मध्ये अमेरिकेसाठी केलेल्या आवृत्तीत रेमंड बर या नटाचे नवे प्रसंग घुसवले गेले, तरी ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांवर आला. नागासाकीचा उल्लेख गेला, गुप्ततेवरचा वादही गेला. शहर तुडवणारा प्राणी राहिला. जपानबाहेर पुढची कित्येक दशकं ‘गॉडझिला’ म्हणून लोकांना ठाऊक होता तो हा, छाटलेला.

पडझडीच्या कथांत हीच छाटणी झोपेच्या रूपाने झाली. जॉन विंडम यांच्या १९५१च्या ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ या कादंबरीचा नायक डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत इस्पितळात जागा होतो. त्याची हुकलेली असते फक्त एक रात्र, जिच्यात आकाशातल्या हिरव्या लखलखाटाने जवळपास सगळे लोक आंधळे झालेले असतात. लंडन कोसळतं ते मात्र त्याच्या डोळ्यांदेखत. काही डोळसांना जबरदस्तीने आंधळ्यांच्या टोळ्यांशी साखळीने जखडलं जातं, काही जण ठरवतात की सगळ्यांना वाचवता येणार नाही, आणि दोन्ही बाजूंना आपापली नीती असते. २००२च्या ‘ट्वेंटीएट डेज लेटर’ या चित्रपटात नायकाची बेशुद्धी २८ दिवसांची होते. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘द वॉकिंग डेड’ या चित्रकथामालिकेचा (कॉमिक) नायकही असाच इस्पितळात शुद्धीवर येतो, आणि तोवर सगळं उरकलेलं असतं. लेखकाला जे लिहायला सर्वांत अवघड, ते नायकाने झोपून काढलं. मग उरतात टोळ्या, बंदुका आणि माणूस मुळात हिंस्र असतो हे गृहीतक. ते सिद्ध करण्याची जबाबदारीही उरत नाही, कारण माणसं तशी का झाली हे दाखवणारे आठवडेच कथेत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, बैठका पाहायला कोण येतं? हिदेआकी अन्नो आणि शिंजी हिगुची यांचा ‘शिन गॉडझिला’ (२०१६) हे त्याचं उत्तर आहे. २०११चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर आलेल्या या चित्रपटाचा मोठा भाग समित्या, परवानग्या आणि खात्यांमधल्या ढकलाढकलीने व्यापलेला आहे. अ‍ॅनिमेशनपट वगळता त्या वर्षीच्या जपानी चित्रपटांत सर्वाधिक कमाई त्यानेच केली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या ‘द रोड’ (२००६) मध्ये जग कशाने जळलं हे सांगितलेलंच नाही, तरी ती मोठी कादंबरी आहे. मान्य. पण तिथे बाप-लेकापुरतं आकसलेलं जग हाच विषय आहे आणि कारणाला त्यात जागाच नाही. बाकीच्यांनी तिची राख घेतली, ती शिस्त घेतली नाही. ‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) मध्येही सरकार जवळजवळ दिसत नाही. पण ताकाशी यामाझाकी त्या गैरहजेरीचा हिशेब देतात: महायुद्धानंतरचा जपान निःशस्त्र आहे, अमेरिकेला सोव्हिएत संघाची धास्ती आहे, म्हणून लढाई माजी नौसैनिकांवर येऊन पडते. कोण का आलं नाही, हेही कथानकच असतं.

या मधल्या भागाची पूर्ण ताकद पाहायची तर साक्यो कोमात्सु यांच्याकडे जावं लागतं. १९७३च्या ‘निप्पोन चिंबोत्सु’ या कादंबरीत अख्खा जपान समुद्रात बुडतो, आणि एकाही राक्षसाशिवाय ती भय निर्माण करते. शास्त्रज्ञाचा अंदाज कुणाच्या कानावर घालायचा, तो जनतेला केव्हा सांगायचा, सुमारे ११ कोटी माणसांना कोणत्या देशाने का घ्यावं, या प्रश्नांवर ती उभी आहे. बुडणं हा तिचा शेवट असला, तरी कोमात्सुंच्या लेखी तो कथेचा शेवट नव्हता. देश हरपलेल्या लोकांचं पुढे काय झालं, हे सांगणारा दुसरा भाग कोश्यू तानी यांच्या जोडीने २००६ मध्ये आला, पहिल्यानंतर ३३ वर्षांनी.