जळक्या वस्तीचे शिल्प

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले. तेव्हापासून काळ्यांच्या कवितेविषयी आपण पुष्कळ बोललो. त्यांच्या शिल्पकलेकडे मात्र फारसे वळलो नाही. म्हणून नोआ प्युरिफॉयविषयी लिहावेसे वाटले. त्याचे काम मी छायाचित्रांतूनच पाहिले आहे, हे आधीच सांगतो.

अलाबामात १९१७ साली जन्मलेला हा माणूस आधी शिक्षक, मग समाजकार्यकर्ता आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर कलेचा पदवीधर झाला. १९६४ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्यांच्या वस्तीत त्याने सहकाऱ्यांबरोबर कलाकेंद्र काढले. पुढच्याच ऑगस्टमध्ये वस्ती पेटली. सहा दिवसांत ३४ माणसे मेली. प्युरिफॉय आणि जुडसन पॉवेल यांनी त्या राखेतून सुमारे तीन टन भंगार उचलले. त्यात दुकानांच्या पाट्यांची वितळलेली काच होती, जळके लाकूड होते. त्यातून उभे राहिलेले ‘६६ साइन्स ऑफ निऑन’ हे प्रदर्शन १९६६ साली प्रथम वॉट्समधल्याच एका शाळेत भरले. ज्यांची वस्ती जळली, तेच पहिले प्रेक्षक!

२०१५ साली लॉस एंजेलिसच्या मोठ्या संग्रहालयाने त्याच्या कामाचे प्रदर्शन मांडले आणि त्याला ‘जंक डाडा’ म्हटले. इथे माझा आक्षेप आहे. ड्यूशाँने १९१७ साली मुतारीचे भांडे प्रदर्शनाला पाठवले, ते कलेची चेष्टा करण्यासाठी. त्याला भंगार निवडता आले. प्युरिफॉयवर ते कोसळले होते. माझे वडील भंगार गोळा करीत आणि त्यातून माझ्या वह्या येत. त्यामुळे टाकाऊ वस्तूंच्या सौंदर्याचे कौतुक ऐकले की मी सावध होतो. प्युरिफॉय हे कौतुक करीत नाही. ती वस्तू कोणाच्या घरातली, ती का जळली, हे तो विसरू देत नाही.

१९७१ साली तर त्याने कलादालनातच एका खोलीचे बिऱ्हाड मांडले. एकाच पांघरुणाखाली दाटीने झोपलेले कुटुंब, झुरळे, सडक्या अन्नाचा वास. नाटकाचा सेटच तो. फक्त नट नाहीत आणि पडदा पडत नाही. दारिद्र्य दुरून पाहणाऱ्याला त्याने नाक दिले.

उत्तरायुष्यात, १९८९ नंतर, तो मोहावी वाळवंटात राहिला. तिथे दहा एकरांत त्याने शंभरावर रचना उभ्या केल्या. त्यातली २००० सालची एक अशी : ‘गोरे’ या पाटीखाली पाणी पिण्याचा नळ, ‘काळे’ या पाटीखाली संडासाचे भांडे. ही रचना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते अशाच पाटीविरुद्ध. आपल्याकडे पाटी लिहिलेली नव्हती, एवढाच फरक.

मात्र एका बाबतीत मी त्याच्याशी भांडतो. ऊन-वाऱ्याने शिल्पे झिजावीत, तेही निर्मितीचेच अंग, असे तो मानी. ज्यांचा इतिहास जपला गेला, त्यांना ही विरक्ती परवडेल. ‘६६ साइन्स’मधल्या कितीतरी वस्तू पुन्हा कचऱ्यातच गेल्या. पुसले जाणे आपल्या वाट्याला आधीच पुष्कळ आले आहे. ते आपण कलेचे तत्त्व म्हणून का स्वीकारावे?

पण तो नुसता शिल्पे करीत बसला नाही. १९७६ पासून अकरा वर्षे कॅलिफोर्नियाच्या कला परिषदेत राहून त्याने तुरुंगांपर्यंत कला नेली. शिल्पे झिजतील, ज्यांच्या हातांना त्याने काम दिले, ते हात त्याचे खरे संग्रहालय. आपल्या वस्त्यांत असे केंद्र काढायला आपली कोणाची ना आहे?