अ जीवनसत्त्व आणि गोवराची लस : एका गृहीताची चिकित्सा

बालकांस जीवनसत्त्वांची पुरवणी दिली असता लसीचा गुण अधिक येतो, हे विधान पोषणशास्त्रविषयक लेखनात इतक्या सहजपणे केले जाते की ते सिद्ध झालेले सत्य आहे की सोयीचे अनुमान, हे तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः या एका वाक्यात दोन निरनिराळी विधाने मिसळलेली आहेत. ज्या बालकाच्या शरीरात जीवनसत्त्वाची कमतरता आहे त्याचा लसीस होणारा प्रतिसाद मंद असतो आणि कमतरता दूर केल्यास तो पूर्ववत होतो, हे एक. आणि लस टोचावयाच्या वेळीच त्या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा पाजल्यास कोणत्याही बालकात प्रतिपिंडांचे प्रमाण वाढते, हे दुसरे. पहिल्या विधानास प्रयोगांचा बराच आधार आहे. दुसरे मात्र पहिल्याच्या पुण्याईवर जगत आले आहे. अ जीवनसत्त्व आणि गोवराची लस यांच्या संबंधाचा इतिहास पाहिला म्हणजे हा संकर कसा झाला हे स्पष्ट होते.

अ जीवनसत्त्वाचा संसर्गजन्य रोगांशी संबंध जोडण्याची कल्पना नवी नाही. ग्रीन व मेलनबी या इंग्रज संशोधकांनी १९२८ मध्येच त्यास संसर्गविरोधी द्रव्य असे म्हटले होते. एलिसन यांनी लंडनमधील गोवर झालेल्या सहाशे मुलांचे दोन सारखे गट करून एकास अ व ड जीवनसत्त्वांचा अर्क दिला. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार अर्क मिळालेल्या गटात ११ आणि न मिळालेल्या गटात २६ मुले दगावली. पुढे प्रतिजैविके आली आणि हा धागा जवळजवळ अर्धशतक हरवला. तो पुन्हा हाती आला तो आल्फ्रेड सॉमर यांच्या इंडोनेशियातील कार्यामुळे. आचे प्रांतातील ४५० खेड्यांत त्यांनी केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा मिळालेल्या खेड्यांतील बालमृत्यूंत ३४ टक्क्यांची घट आढळली. १९९० मध्ये हसी व क्लाइन यांनी केप टाऊन येथे तीव्र गोवराच्या १८९ मुलांवर केलेल्या प्रयोगात एकूण १२ मुले मृत्यू पावली. त्यांपैकी १० औषधी गुण नसलेला द्रव मिळालेल्या गटातील होती. बीटन प्रभृतींनी १९९३ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा मृत्यूंतील घट २३ टक्के भरली.

हे सर्व निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. परंतु यांपैकी एकही लसीविषयी नाही. गोवराने आजारी पडलेल्या मुलास अ जीवनसत्त्व द्यावे, ही गोष्ट निर्विवाद ठरली. कमतरता असलेल्या प्रदेशात ते निरोगी मुलांसही ठरावीक काळाने द्यावे, हेही बहुमान्य झाले. जरी उत्तर प्रदेशातील दहा लाख मुलांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मृत्यूंतील घट केवळ ४ टक्के व तीही संख्याशास्त्रदृष्ट्या अनिश्चित निघाल्याने त्या मान्यतेस तडा गेला असला तरी. मात्र ही मात्रा लसीच्याच वेळी द्यावी, असे १९८७ पासून जागतिक आरोग्य संघटना जे सांगत आली त्यामागील कारण शरीरशास्त्रातले नसून व्यवस्थेचे होते. नऊ महिन्यांचे मूल गोवराच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात हमखास आणले जाते. त्याच फेरीत त्याच्या तोंडात जीवनसत्त्वाचा चमचा घातला तर वेगळी मोहीम काढावी लागत नाही. भारतात १९७० पासून अंधत्व टाळण्यासाठी चाललेल्या कार्यक्रमाची पहिली मात्रा पुढे याच रीतीने नवव्या महिन्याच्या लसीशी बांधली गेली. एक लाख आंतरराष्ट्रीय एककांची ती मात्रा आजही गोवर-रुबेलाच्या पहिल्या लसीबरोबर महाराष्ट्रातील बालकांस पाजली जाते. व्यवस्थेच्या सोयीस अशा रीतीने शास्त्राचे रूप आले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिल्या जातात, त्या अर्थी त्या एकमेकींस पोषक असल्या पाहिजेत, असा समज हळूहळू रूढ झाला.

प्राण्यांवरील प्रयोगांनी या समजास बळ दिले. कॅथरीन रॉस यांनी उंदरांवर केलेल्या कार्यातून असे दिसले की, अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या उंदरांत धनुर्वाताच्या लसीस व फुप्फुसदाहाच्या जंतूंतील शर्करायुक्त द्रव्यास मिळणारा प्रतिपिंडांचा प्रतिसाद फारच क्षीण असतो आणि जीवनसत्त्व दिल्यावर तो सावरतो. या अन्वेषणाच्या काटेकोरपणाविषयी शंका नाही. पण उपाशी ठेवलेल्या उंदरास अन्न दिल्यावर तो धावू लागला, यावरून पोट भरलेल्या उंदरास अधिक अन्न दिल्यास तो अधिक वेगाने धावेल असे ठरत नाही. मुलांवरील प्रयोगांत नेमका हाच फरक आढळतो. सेंबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इंडोनेशियातील मुलांत जीवनसत्त्वामुळे धनुर्वाताच्या लसीचा प्रतिसाद वाढल्याचे दाखविले. त्या मुलांत डोळ्यांवर कमतरतेची लक्षणे असलेली मुले होती आणि मात्रा लसीपूर्वी दोन आठवडे दिली होती. उलट ब्राऊन प्रभृतींस १९८० मध्ये बांगलादेशात त्याच लसीबाबत कोणताही लाभ आढळला नव्हता. नंतरच्या लेखनात पहिल्या निबंधाचा उल्लेख वारंवार होतो, दुसऱ्याचा क्वचित.

या विषयाच्या चर्चेस खरी धार आली ती १९९५ मध्ये. सेंबा यांनीच इंडोनेशियात सहा महिन्यांच्या ३३६ बालकांस गोवराची लस देताना निम्म्यांस एक लाख एकके अ जीवनसत्त्व आणि उरलेल्यांस औषधी गुण नसलेला द्रव दिला. विभागणी यदृच्छया केलेली होती आणि कोणास काय मिळाले हे मातापित्यांस वा तपासणाऱ्यांस ठाऊक नव्हते. निष्कर्ष अपेक्षेच्या नेमका उलट निघाला. ज्या बालकांच्या रक्तात मातेकडून आलेली प्रतिपिंडे शिल्लक होती, त्यांच्यापैकी जीवनसत्त्व मिळालेल्यांत लसीस प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण कमी होते. ज्या संशोधकाने धनुर्वाताच्या बाबतीत जीवनसत्त्वाची बाजू मांडली, त्यानेच तीन वर्षांनी गोवराच्या बाबतीत तिच्याविरुद्ध पुरावा प्रसिद्ध केला, ही गोष्ट त्याच्या सचोटीस भूषणावह आहे.

या निष्कर्षाचे स्पष्टीकरण अवघड नाही. गोवराची लस म्हणजे जिवंत पण क्षीण केलेला विषाणू. तो शरीरात काही काळ वाढला तरच प्रतिकारक्षमता उत्पन्न होते. धनुर्वाताच्या लसीत असे वाढावयाचे काहीच नसते. तेथे निर्विष केलेले जीवविष असते. मातेची प्रतिपिंडे लसीतील विषाणूस अगोदरच आवरतात. त्यात जीवनसत्त्वानेही त्याच्या वाढीस अटकाव केला, तर शिकवण देण्याइतका विषाणू उरत नाही. पुढे प्रयोगशाळेतील पेशींत रेटिनॉल व तत्सम द्रव्यांनी गोवराच्या विषाणूची वाढ रोखली जाते असे दिसून आले, ते या स्पष्टीकरणाशी जुळते. गंमत अशी की, आजारी मुलास वाचविणारा गुण आणि लसीस मारक ठरणारा गुण हे अशा रीतीने एकच असण्याचा संभव आहे. तथापि या निबंधाचा अर्थ लावताना एक सावधगिरी हवी. ज्या बालकात मातेची प्रतिपिंडे आहेत, त्याच्या रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण लसीनंतरही काही काळ घटतच जाते. यास्तव प्रतिसाद मिळाला की नाही हे प्रत्यक्ष पाहता येत नाही, अपेक्षित घटीशी तुलना करून ठरवावे लागते. असा निकष जितका गणितावर विसंबून, तितका तो लहानशा गटात डळमळीत.

दोन वर्षांनी क्रिस्टीन बेन यांनी पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमधील ४६२ बालकांवरील प्रयोगाचे फलित प्रसिद्ध केले. ज्यांस सहाव्या व नवव्या महिन्यांत अशी दोनदा लस दिली त्यांत जीवनसत्त्वाने अपाय झाला नाही. ज्यांस केवळ नवव्या महिन्यात दिली त्यांत सरासरी प्रमाण काहीसे वाढले, विशेषतः मुलग्यांत. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील भास्करम यांनी नऊ महिन्यांच्या भारतीय बालकांत प्रतिसाद वाढल्याचे नोंदविले. १९९९ मध्ये बहल प्रभृतींनी त्याच वयाच्या भारतीय बालकांत प्रतिसाद घटत नाही एवढेच सांगितले आणि कुपोषित बालकांत मात्र प्रमाण वाढल्याचे दाखविले. यावर बहुतेकांनी निःश्वास टाकला व नवव्या महिन्याची मात्रा निर्धोक ठरविली. तो निर्णय योग्यच होता. पण त्याच निःश्वासाबरोबर १९९५ चा निबंधही अडगळीत टाकला गेला, हे योग्य झाले नाही. बेन यांच्या बालकांस सहाव्या महिन्यानंतर नवव्या महिन्यात पुन्हा लस मिळाली होती. पहिल्या लसीचे झालेले नुकसान दुसरीने भरून काढले असेल, तर शेवटच्या मोजणीत ते दिसणार कसे? दोन प्रयोगांनी निरनिराळे प्रश्न विचारले. उत्तरे मात्र एकमेकांसमोर उभी करण्यात आली.

प्रतिपिंडांच्या सरासरी प्रमाणास या सर्व चर्चेत जे स्थान मिळाले आहे तेही तपासण्याजोगे आहे. गोवरापासून रक्षण होण्यास रक्तरसात प्रतिपिंडांची एक किमान पातळी पुरते. ती सामान्यतः १२० मिलि-एकके धरली जाते. ज्या बालकात ही पातळी दसपट आहे त्यात ती पंधरापट झाल्याने आज त्याचे अधिक रक्षण होत नाही. फार तर काही वर्षांनी ओसरती पातळी किमान रेषेच्या वर अधिक काळ टिकेल. बेन यांच्याच बालकांची सहा ते आठ वर्षांच्या वयात झालेली तपासणी त्या दिशेने बोट दाखविते, आणि तेवढ्यापुरते तिचे मोल आहे. परंतु लसीकरणाचा मूळ प्रश्न रेषेखाली किती बालके राहिली हा आहे. सरासरी वाढत असतानाही रेषेखालील संख्या वाढू शकते. सरासरीच्या वाढीस ‘लसीचा गुण वाढला’ म्हणणाऱ्या निबंधांनी ही दुसरी संख्या ठळकपणे दिली पाहिजे. ती पुष्कळदा तक्त्याच्या कोपऱ्यात शोधावी लागते.

इतर लसींची कथा थोडक्यात सांगता येईल, कारण तीत एकसूत्र असे काही नाही. घानामधील न्यूटन यांच्या प्रयोगांत अ जीवनसत्त्वाने पोलिओ व धनुर्वाताच्या लसींवर परिणाम झाला नाही (२००५). यकृतदाह-ब च्या लसीचा प्रतिसाद वाढला, हिब लसीचा नाही (२००७). घाना, भारत व पेरू या देशांतील नऊ हजारांहून अधिक माता-बालकांवरील, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या लसींबरोबर दिलेल्या लहान मात्रांनी बालकांच्या आजारपणात टिकाऊ फरक पडला नाही. जस्ताची कथा याहून विस्कळीत आहे : बांगलादेशात पटकीच्या लसीचा एका प्रकारचा प्रतिसाद त्याने वाढला, दुसऱ्या प्रकारचा घटला. ‘जीवनसत्त्वांनी प्रतिकारशक्ती वाढते’ हे औषधांच्या बाटल्यांवरील वाक्य अशा सामग्रीतून निघत नाही.

मोजमापाची एक अडचण तर मुळाशीच आहे. कमतरता कोणास आहे हे रक्तरसातील रेटिनॉलवरून ठरवितात. पण कोणत्याही संसर्गात रेटिनॉल तात्पुरते खाली येते, यकृतातील साठा भरलेला असला तरी. सर्दी-ज्वर झालेले मूल त्यामुळे कमतरतेच्या गटात जाऊन बसते आणि ज्या भेदावर सर्व निष्कर्ष अवलंबून तोच पुसट होतो.

क्रिस्टीन बेन यांनी २००३ मध्ये मांडलेली कल्पना या सर्वांहून धाडसी आहे. जीवनसत्त्वाचा परिणाम ते ज्या लसीबरोबर दिले जाते तिच्यावर अवलंबून असतो आणि तो मुलगे व मुली यांत निराळा असू शकतो, असे त्या म्हणतात. गिनी-बिसाऊमधील २०१४ चा प्रयोग एकूण मृत्यूंत फरक दाखवू शकला नाही, पण मुलगे व मुली यांतील भेद त्यातही आढळला. गटांचे असे पोटगट पाडत गेल्यास काहीतरी हाती लागतेच, हा आक्षेप येथे रास्त आहे. तरीही ही कल्पना निदान चाचणीस उतरू शकेल अशा रूपात मांडलेली आहे, हे तिच्या बाजूने म्हटले पाहिजे.

या चर्चेचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ नवव्या महिन्याच्या चमच्यापुरता नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या परिसरात, गोवराची साथ आली आणि त्यात बालके मृत्युमुखी पडली. त्या वर्षी नोव्हेंबरात केंद्र शासनाने सुचविले की, जेथे नऊ महिन्यांहून लहान बालकांचे प्रमाण एकूण रुग्णांत दहा टक्क्यांहून अधिक आहे तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांस लसीची एक जादा मात्रा द्यावी. ही मात्रा नेहमीच्या दोन मात्रांत मोजावयाची नसते. सहावा महिना, जिवंत लस, मातेच्या प्रतिपिंडांचा शेष : १९९५ च्या प्रयोगाची सर्व परिस्थिती येथे पुन्हा उभी राहते. त्यात जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची शिफारस अ जीवनसत्त्वाची पहिली मात्रा सहाव्या महिन्यापासूनच देण्यास मुभा देते. साथीच्या धांदलीत दोन्ही एकाच बैठकीत देण्याचा मोह स्वाभाविक आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये. गोवर झालेल्या बालकास वयानुसार ठरलेली अ जीवनसत्त्वाची मात्रा लागोपाठ दोन दिवस दिलीच पाहिजे. तीत काटछाट करण्यास १९९५ च्या निबंधात कोणताही आधार नाही. निरोगी बालकास जादा लसीच्याच दिवशी ती द्यावी काय, एवढाच प्रश्न आहे. नवव्या महिन्याची नियमित लस पुढे मिळणारच असल्याने या प्रश्नाचे महत्त्व कमी लेखले जाते. परंतु जादा मात्रा दिली जाते ती मधल्या तीन महिन्यांसाठीच, आणि साथीत दगावण्याचा धोका याच वयात अधिक असतो. यास्तव सहाव्या महिन्यात लस व जीवनसत्त्व एकत्र दिलेली बालके आणि जीवनसत्त्व काही आठवडे मागाहून दिलेली बालके यांची नवव्या महिन्याच्या लसीपूर्वीच रक्ततपासणी करून, किमान पातळीखाली कोणत्या गटात किती राहिली हे मोजावे लागेल. नवव्या महिन्यानंतर घेतलेला रक्ताचा नमुना या कामी निरुपयोगी आहे.