परागकणांचे गुण किती, गवगवा किती?

माघ-फाल्गुनात मालेगाव, सटाणा, देवळा या पट्ट्यात बियाण्यासाठी लावलेले कांद्याचे डोंगळे फुलतात आणि त्यांच्या पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्यांची वर्दळ सुरू होते. कांद्याच्या फुलात परागकण आधी बाहेर पडतात, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारा कोणीतरी लागतो. हे काम मुख्यतः मधमाशी करते. त्याच वेळी ती थोडा पराग मधुरसात भिजवून, त्याची गोळी करून, मागच्या पायांवरच्या टोपलीसारख्या खळग्यात भरते व पोळ्याकडे नेते. पेटीच्या दाराशी बारीक भोकांची जाळी बसवली, की आत शिरताना या गोळ्या पायांवरून गळून पडतात. वाळवून बरणीत भरलेल्या अशा गोळ्या ‘बी पोलन’ म्हणून विकल्या जातात.

‘परिपूर्ण आहार’, ‘२२ अमिनो आम्ले’, ‘प्रभावी अँटिऑक्सिडंट’ असे दावे या मालाबद्दल सर्रास केले जातात. ‘सर, मुलाला हे द्यावे का?’ असे पालकांनी विचारले, तर शिक्षकाने काय सांगावे? त्यासाठी हे दावे एकेक करून तपासू.

प्रथम पोषणमूल्य. परागात प्रथिने असतात, हे खरे आहे. फुलांच्या जातीनुसार त्यांचे प्रमाण बरेच बदलते, पण सरासरी सुमारे २० टक्के धरता येईल. कर्बोदके निम्म्याच्या आसपास असतात. शिवाय थोडे स्निग्ध पदार्थ, खनिजे व काही ‘ब’ जीवनसत्त्वे असतात. मात्र एक लहान चमचा पराग म्हणजे साधारण ५ ग्रॅम. त्यातून प्रथिने मिळतात सुमारे १ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने हवीत. ५ ग्रॅम शेंगदाण्यांतूनही एक ग्रॅमहून थोडी अधिकच प्रथिने मिळतात. अमिनो आम्लांचेही तसेच. आपल्या शरीरातील प्रथिने मुख्यतः २० अमिनो आम्लांपासून बनतात आणि ती सारी हरभऱ्याच्या डाळीतही असतात. शिवाय परागकणाचे बाहेरचे कवच अत्यंत चिवट असते. ते आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. त्यामुळे रासायनिक पृथक्करणात दिसलेले सर्व काही पचतेच, असे नाही.

आता अँटिऑक्सिडंटचा आकडा. तो मोजण्याची एक रूढ पद्धत अशी: डीपीपीएच नावाच्या रसायनाचे जांभळे द्रावण घ्यायचे आणि त्यात परागाचा अर्क मिसळायचा. हे रसायन म्हणजे एक स्थिर मुक्त मूलक. अर्कातील द्रव्यांनी त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन पुरवला, की जांभळा रंग फिका होत पिवळा पडतो. रंग किती उतरला, यावरून क्षमता ठरवतात. प्रयोग चांगला आहे, त्याचे उत्तरही खरे आहे. पण ते परीक्षानळीत काय घडले याचे उत्तर आहे. शरीरात काय घडेल, हा प्रश्न त्या नळीला कोणी विचारलेलाच नसतो.

परागातील क्वेर्सेटिनचे उदाहरण घ्या. आतड्यात त्याचा काही भागच शोषला जातो, आतडे व यकृत त्याचे रूप बदलतात आणि रक्तात त्याचे प्रमाण अगदी कमी राहते. गंमत अशी, की हेच क्वेर्सेटिन गिरणाकाठच्या कांद्यातही भरपूर आहे. अर्थात, त्यामुळे कांदा औषध ठरत नाही. त्याच न्यायाने परागही ठरत नाही.

नळीतून थेट माणसावर उडी मारण्याचा धोका १९९४ साली फिनलंडमध्ये दिसला. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन हे नावाजलेले अँटिऑक्सिडंट. ते रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा, तो १८ टक्क्यांनी अधिक आढळला. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली जाहीर सूची २०१२ साली मागे घेतली. या आकड्यांवरून आरोग्याचा लाभ सांगता येत नाही आणि विक्रीसाठी त्यांचा गैरवापर होतो, असे कारण दिले गेले. परागाबाबतचे बहुतेक पुरावेही नळीतले किंवा प्राण्यांवरचे आहेत. माणसांवरील चाचण्या थोड्या व लहान आहेत.

दोन गोष्टी बरणीवर ठळक दिसत नाहीत. परागाची अॅलर्जी असलेल्यांना तो खाल्ल्यावर तीव्र, क्वचित जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. तेव्हा दम्याच्या मुलाला ‘नैसर्गिकच आहे’ म्हणून देणे धोक्याचे. दुसरी गोष्ट फवारणीची. ज्या पिकावर कीटकनाशक पडते, त्याचा अंश परागातही उतरू शकतो.

म्हणजे पराग निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. पोळ्यातील अळ्यांच्या वाढीला लागणारी प्रथिने त्यातूनच येतात. आपल्या चमच्यातला पराग त्यांच्या वाट्यातून काढलेला असतो. ज्याला परवडते व सोसते, त्याने तो खावा. पण यंत्रमागावर राबणाऱ्या घरात मुलाच्या ताकदीसाठी ही बरणी आली, तर तिचा खर्च डाळ, दूध आणि अंड्यांतून वजा होतो. नुकसान तेथे आहे.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. कोणत्याही ‘शक्तिवर्धक’ पदार्थाचे वेष्टन मुलांना आणायला सांगा आणि तीन प्रश्न विचारा: एका मात्रेत नेमके किती ग्रॅम काय आहे? हा गुण नळीत मोजला की माणसांत? तेवढ्याच पैशांत किती शेंगदाणे आले असते? गणित मुलांनाच फळ्यावर करू द्या.