संग्रहालयातील मूर्ती आणि रस्त्यावरील देव

परप्रांती बदलून आलेल्या मराठी नोकरदाराची रसिकता बहुधा मंडळाच्या गणेशोत्सवात सुरू होते आणि तेथेच संपते. स्थानिक कला व उत्सव आपण पाहतो, परंतु पाहुण्याच्या नजरेने. थोडे कौतुक, थोडी तुलना, की झाले! त्यातून मुक्काम इरुंगाट्टुकोट्टैसारख्या मोटारींच्या कारखान्यांनी वेढलेल्या ठिकाणी असला, तर येथे पाहण्याजोगे काही असेल असेही मनात येत नाही. आम्हांसही बराच काळ तसेच वाटत होते.

चेन्नईच्या एळुंबूर भागातील सरकारी संग्रहालय 1851 साली स्थापन झाले. त्याचे कांस्यदालन हे या शहरातील सर्वांत श्रेष्ठ कलाप्रदर्शन होय, असे आम्ही निःशंकपणे म्हणू. तिरुवेंकाड्याचा अर्धनारीश्वर तेथे आहे. एकाच देहात दोन तोल सांभाळण्याची ती किमया पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. तिरुवालंगाड्याचा नटराजही तेथेच आहे. त्याची छायाचित्रे पाहून रोदँसारख्या फ्रेंच शिल्पकाराने लिहिलेला निबंध 1921 साली प्रसिद्ध झाला. आम्हीही प्रथम रोदँच्याच वाटेने गेलो. रेषा पाहिली, लय पाहिली आणि तृप्त होऊन परतलो.

त्या तृप्तीला धक्का बसला तो श्रीपेरुंबुदूरला. हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान आमच्या मुक्कामापासून जवळच आहे. चित्तिरै महिन्यात आर्द्रा नक्षत्राच्या सुमारास तेथे त्यांचा जन्मोत्सव असतो. मिरवणूक समोर आली तेव्हा रेशीम, हार आणि दागिने यांतून मूर्तीचा चेहरा तेवढा दिसला. आमची पहिली प्रतिक्रिया निराशेची होती, हे कबूल केले पाहिजे. शिल्प झाकले गेले, असे वाटले.

पण झाकले गेले होते काय? संग्रहालयातील मूर्तींच्या पीठांना जी भोके व कड्या दिसतात, त्या दांडे घालून देव खांद्यावर घेण्यासाठी आहेत. म्हणजे ती शिल्पे मुळात चालणारी आहेत. इकडे मूलमूर्ती गाभाऱ्यात राहते आणि उत्सवमूर्ती लोकांत येते. आपल्याकडे आळंदीहून पंढरीला पादुका निघतात, गणपती दहा दिवसांत पाण्यात जातो. येथे तीच धातूची मूर्ती शतकानुशतके रस्त्यावर येत राहते. मूर्तिकाराला ठाऊक होते की पाठीवरचे कोरीवकाम वस्त्राखाली जाणार आहे. तरीही त्याने ते कोरले.

आणखी एक गोष्ट. पूजेतील मूर्तींची नाकेडोळे अभिषेकाच्या हातांनी झिजत जातात. संग्रहालयातील अनेक मूर्ती रेखीव राहिल्या, कारण त्या दीर्घकाळ जमिनीत पुरलेल्या होत्या. ज्या रेखीवपणाला आम्ही कलेची परिसीमा समजत होतो, त्यात विरहाचाही वाटा होता!

म्हणून प्रदर्शन खोटे आणि उत्सव खरा, असा भाबडा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. मिरवणुकीतील गर्दीत अर्धनारीश्वराचा तोल कोणालाच दिसला नसता. तो काचेमागेच दिसतो. प्रदर्शन रूप दाखवते, उत्सव त्या रूपाचे प्रयोजन दाखवतो. एकच पाहणाऱ्याच्या हाती अर्धीच कला लागते.

आपल्या मंडळींचा एक दोष येथे सांगितला पाहिजे. तंजावर चित्रांच्या प्रदर्शनात आपण हिरिरीने जातो, कारण ती कला मराठी राजांच्या आश्रयाने बहरली. अभिमान योग्यच आहे. पण जेथे आपले नाव सापडते तेवढेच पाहावयाचे, हा हिशेब झाला, आस्वाद नव्हे. रामानुजांच्या मिरवणुकीत आपले असे काहीच नव्हते. तरीही दांडा खांद्यावर घेतलेला एक माणूस आम्हांस पाहून किंचित बाजूला झाला, आम्हांस देव दिसावा म्हणून. पुढची बदली होण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे. कारखान्याच्या भोंग्यापलीकडे हे गाव काय आहे, ते मग कळते.