चेटकीण, देवी आणि ‘इयर ऑफ वंडर्स’

जेराल्डिन ब्रूक्स यांची ‘इयर ऑफ वंडर्स’ (२००१) ही कादंबरी डर्बीशायरमधील ईम या खेड्याच्या इतिहासावर उभी आहे. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडातून तेथे प्लेग शिरला, असे परंपरा सांगते. १६६६ मध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी स्वतःला गावातच कोंडून घेतले. कादंबरीतील मॉम्पेलियन त्यांच्यावरूनच घडला आहे. मेम व अनिस गाउडी या झाडपाल्याच्या जाणकार स्त्रियांची चेटकिणी म्हणून जमावाने केलेली हत्या मात्र ब्रूक्स यांची स्वतःची निर्मिती होय. १६६२ मध्ये स्कॉटलंडात चेटकाची कबुली देणाऱ्या इझोबेल गाउडीचे आडनाव येथे योगायोगाने आले असावे, असे वाटत नाही. इतिहासाने न पुरविलेली चेटकीण कादंबरीला का हवीशी वाटली, हा खरा प्रश्न आहे.

कुंभकोणम-तंजावरच्या कावेरीकाठावरून, म्हणजे तमिळ आणि मराठी शतकानुशतके शेजारी नांदलेल्या प्रदेशातून, हा प्रश्न निराळा दिसतो. तमिळ भाषा देवीच्या रोगाला ‘अम्मै’ म्हणते आणि त्या शब्दातच आई आहे. मराठीत तर रोगाचे नावच ‘देवी’, आणि लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’. तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूर मारियम्मनच्या आख्यायिकेत भोसले राजे येतात. कोइमतूरमध्ये ‘प्लेग मारियम्मन’चीही देवळे आहेत. येथे रोग हे देवीचे आगमन ठरते. ईममध्ये तो देवाचा कोप ठरतो, आणि कोप म्हटला की अपराधी शोधणे ओघाने आलेच.

परंतु एवढ्यावरून देवी असलेला समाज आरोपापासून मुक्त असतो, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’मध्ये (१९६५) अग्रहारात उंदीर मरतात, गिधाडे छपरांवर येऊन बसतात आणि ब्राह्मण मात्र आचारभ्रष्ट नारणप्पाच्या प्रेताचा निर्णय करीत बसतात. दोषाचा शोध येथेही आहे. तो चेटकिणीवर न जाता मृतावर स्थिरावतो, आणि अंत्यविधीची सोय अखेर चंद्रीलाच करावी लागते. मारण्यासाठी माणूस लागत नाही, प्रेत नाकारले तरी पुरते.

या तुलनेतून ब्रूक्स यांच्या रचनेतील एक सोपेपणाही उघड होतो. गाउडींचे ज्ञान पुढे अ‍ॅना आणि एलिनॉर यांच्या हाती औषधविद्या होऊन येते. म्हणजे चेटकीण निर्दोष ठरते ती आजच्या वाचकाला मान्य अशा विद्येची पूर्वज म्हणून. हा न्याय उशिरा केलेला आणि काहीसा सोयीचा आहे. कादंबरीतील अधिक अस्वस्थ करणारी स्त्री अ‍ॅफ्रा ही आहे. मृत अनिसच्या भुताचे सोंग घेऊन ती भयभीत गावकऱ्यांना ताईत विकते. तिच्यापाशी विद्या नाही, आणि ती निर्दोषही नाही. तिला समजून घ्यायचे तर औषधींच्या बागेचा उपयोग होत नाही. ब्रूक्स मात्र तिला अखेरीस वेडाच्या स्वाधीन करतात आणि तो धागा तिथेच सोडून देतात.