ब्रुखचा दुसरा व्हायोलिन-कन्चेर्टो : एका ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण

माक्स ब्रुख (१८३८–१९२०) या जर्मन रचनाकाराचे नाव आज प्रामुख्याने एकाच कृतीमुळे टिकून आहे. जी मायनरमधील त्याचा पहिला व्हायोलिन-कन्चेर्टो १८६६ साली प्रथम वाजविला गेला, १८६८ मध्ये त्याला सुधारलेले रूप मिळाले आणि तेव्हापासून तो वादकांच्या नित्य संग्रहात जाऊन बसला. या कृतीचे हक्क ब्रुखने प्रकाशकाला एकरकमी विकले होते. त्यामुळे तिच्या कीर्तीचा आर्थिक लाभ त्याला झाला नाही, आणि त्याच कीर्तीखाली त्याच्या पुढील व्हायोलिनकृती मात्र झाकल्या गेल्या. अशा झाकलेल्या कृतींपैकी दुसरा कन्चेर्टो (कृतिक्रमांक ४४) आणि त्याच्या जोडीला ‘स्कॉटिश फँटसी’ (कृतिक्रमांक ४६) या दोन रचना इत्झाक पर्लमन यांनी झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली इस्रायल फिल्हार्मोनिक वाद्यवृंदासह १९८० नंतरच्या दशकात ई. एम. आय. कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केल्या. प्रस्तुत परीक्षणाचा विषय ती ध्वनिमुद्रिका होय.

दुसरा कन्चेर्टो ब्रुखने स्पॅनिश वादक पाब्लो द सारासाते याच्यासाठी लिहिला, आणि सारासातेनेच तो नोव्हेंबर १८७७ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रथम वाजविला. ही कृती मागे का पडली, याचे कारण तिच्या घडणीतच सापडते. कन्चेर्टोचा पहिला भाग द्रुत व तेजस्वी असावा, दुसरा संथ असावा आणि तिसरा पुन्हा द्रुत असावा, हा त्या काळी रूढ झालेला संकेत होता. ब्रुखने आरंभीच दीर्घ ‘अदाजिओ’ ठेवला. एकंदर कालावधीचा जवळजवळ निम्मा भाग या संथ अंगाने व्यापला आहे. त्यानंतर बोलल्यासारखे तुटक वाक्खंड असलेला छोटा ‘रेसिटेटिव्ह’ येतो आणि मग द्रुत समारोप. पहिल्याच भागात वादकाच्या कौशल्याची चमक पाहण्यास आलेल्या श्रोत्याला हा क्रम उलटा वाटला असल्यास नवल नाही.

महाराष्ट्रातील श्रोत्याची गोष्ट वेगळी आहे. विलंबित ख्यालाने बैठकीचा आरंभ होणे, स्वर हळूहळू उलगडत जाणे आणि द्रुताची पाळी नंतर येणे, हाच त्याच्या श्रवणाचा स्वाभाविक क्रम होय. गजाननराव जोशी (१९११–१९८७) किंवा वि. गो. जोग यांचे व्हायोलिन ज्याने ऐकले आहे, त्याला गायकीच्या अंगाने सावकाश पुढे सरकणारे हे वाद्य अपरिचित नाही. तेव्हा ज्या गुणामुळे ब्रुखची कृती पश्चिमेकडे मागे पडली, तोच गुण तिला येथील श्रोत्याच्या जवळ आणतो, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र या साम्यावर फार भार देणे धोक्याचे ठरेल. ख्यालातील विलंबित हा एकाच रागाच्या स्वरूपाचा विस्तार असतो. त्याचा आधारस्वर ढळत नाही. ब्रुखच्या अदाजिओत शोकयात्रेच्या गतीने चालणारा पहिला विषय आणि त्याला उत्तर देणारा दुसरा, अधिक कोमल विषय असे दोन पक्ष आहेत. आधारस्वर बदलतो, वाद्यवृंद प्रतिवाद करतो आणि विरोधाचे निराकरण शेवटी होते. येथील संथपणा हा विस्ताराचा नसून संघर्षाचा आहे. हा भेद ध्यानात न घेता केवळ गती पाहून दोहोंना एकरूप मानणे म्हणजे दोन्ही परंपरांवर अन्याय करणे होय.

पर्लमन यांच्या वादनाची कसोटी येथेच लागते. त्यांचा स्वर भरदार आणि उबदार आहे; एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना ते जुन्या पिढीच्या वादकांप्रमाणे मींडसदृश सरक संकोच न करता वापरतात. अदाजिओला हा स्वभाव मानवतो. याशा हायफेट्झ यांनी हाच कन्चेर्टो १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केला होता. त्या वादनात ताण अधिक, गती अधिक आणि विसावा कमी आहे. कृतीतील नाट्य तेथे धारदार होऊन उभे राहते. पर्लमन नाट्यापेक्षा गेयतेकडे झुकतात. परिणामी अदाजिओचा शोक सुंदर होतो. पण जेथे तो उग्र व्हावयास हवा, तेथेही सुंदरच राहतो. रेसिटेटिव्हमध्ये ही मर्यादा विशेष जाणवते. तेथील वाक्खंड बोलले जावयास हवेत, ते येथे गायिले जातात.

ही उणीव पुष्कळ अंशी वाद्यवृंद भरून काढतो. झुबिन मेहता यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. त्यांचे वडील मेहली मेहता (१९०८–२००२) हे व्हायोलिनवादक आणि १९३५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक होते. मेहलींनी पुढे न्यूयॉर्कला जाऊन आयव्हन गालामियन यांच्याजवळ शिक्षण घेतले, आणि पर्लमन हेही त्याच गुरूचे शिष्य. वादकाची विद्या आणि संचालकाने घरात ऐकलेली विद्या अशा प्रकारे एका उगमाशी पोहोचतात. स्वरसंचालनाची दिशा आणि वाक्याचा श्वास यांविषयी दोघांत जी सहज एकवाक्यता आढळते, तिचा संबंध या वारशाशी जोडणे अनुचित होणार नाही. सोलोवादक पुढे येतो, तेव्हा मेहता वृंदाला निव्वळ साथीदार होऊ देत नाहीत. खालच्या तंतुवाद्यांचा गंभीर पट ते सतत जागता ठेवतात. अदाजिओतील संघर्ष जो काही ऐकू येतो, तो या पटामुळे.

‘स्कॉटिश फँटसी’ (१८८०) ही या जोडीतील अधिक लोकप्रिय रचना. स्कॉटलंडमधील लोकगीतांच्या चाली घेऊन ब्रुखने व्हायोलिन, हार्प आणि वाद्यवृंद यांसाठी ती रचली. चाली मोहक आहेत, पर्लमन यांचे वादन त्यांना सर्वथा अनुरूप आहे आणि शेवटच्या युद्धगीताच्या भागात तर ते श्रोत्याला जिंकून घेतात. तरीही एक मूलभूत प्रश्न उरतो. शब्दांपासून आणि प्रसंगापासून सुटलेली चाल ही गीत राहते काय?

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मावळपट्ट्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातून आरंभ करून हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्याची संख्या एक लाखाच्या पलीकडे गेली. त्या संग्रहाने एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली : ओवीची चाल जात्याच्या फेऱ्याशी, दळणाऱ्या बाईच्या श्वासाशी आणि तिच्या दुःखाशी बांधलेली असते. पिठाच्या गिरण्या आल्या, जाते थांबले, आणि ओवीही विरळ झाली. नुसती चाल उचलून वाद्यवृंदाला दिली, तर चाल वाचेल. पण बाई आणि जाते दोन्ही हरवतील. ब्रुखच्या फँटसीत नेमके हेच घडले आहे. हार्पच्या झंकारात आणि वृंदाच्या भरण्यात स्कॉटलंड हे चित्र म्हणून दिसते. तेथील माणूस ऐकू येत नाही. हा दोष वादकांचा नव्हे, रचनेचा आहे.

या दृष्टीने पाहता दोन रचनांची जोडी बोधप्रद ठरते. फँटसीने आपली भावना उसनी घेतली आहे. दुसऱ्या कन्चेर्टोने ती स्वतः घडविली आहे. लोकप्रियतेचा कौल पहिलीच्या बाजूने आहे, परंतु गुणाचा कौल दुसरीच्या बाजूने द्यावा लागेल. त्या कन्चेर्टोचा द्रुत समारोप आधीच्या भागांच्या उंचीला पोहोचत नाही, हे मान्य करूनही हा निर्णय बदलत नाही.

ध्वनिमुद्रणात व्हायोलिन वृंदाच्या मानाने बरेच पुढे ठेवले आहे. प्रत्यक्ष सभागृहात असे प्रमाण आढळत नाही आणि त्यामुळे संचालकाचे काम किंचित झाकोळते, याची नोंद करणे आवश्यक आहे. तथापि राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या शाळेतील विद्यार्थ्याला पूर्ण वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याची संधी जवळपास मिळत नाही. ध्वनिमुद्रिका हेच त्याचे सभागृह होय. अशा विद्यार्थ्याच्या हाती सर्वतोमुखी झालेला पहिला कन्चेर्टोच तेवढा जावा, हे इष्ट नाही. जी कृती काळाने मागे सारली, तिचे मूल्य स्वतःच्या कानांनी ठरविण्याचा अधिकार ही ध्वनिमुद्रिका त्याला देते, आणि विशेषतः तिच्यातील पहिल्या अदाजिओकरिता ती संग्रहणीय आहे.